पहिला जलप्रवास : प्राणहिता खोऱ्यातील नावा आणि त्यांत बसण्यापूर्वीची तयारी

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, माणिकगड डोंगररांगेच्या पठारावर जिवती तालुका वसलेला आहे. कोलाम, गोंड, बंजारा आणि मराठवाड्यातून येऊन स्थायिक झालेली शेतकरी कुटुंबे यांची ही वस्ती. पठारावरून बारमाही मोठी नदी वाहत नाही. पावसाळ्यात नाले दुथडी भरून वाहतात, उन्हाळ्यात मात्र विहिरी आटतात आणि नाल्याच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यांवर तहान भागवावी लागते. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी नावेत पाय ठेवला नाही आणि ज्यांना पोहताही येत नाही, अशी प्रौढ माणसे येथे पुष्कळ आढळतात. पठार उतरले की मात्र एका दिवसाच्या अंतरात गोदावरी खोऱ्यातील काही मोठे जलप्रवाह लागतात. वर्धा-पैनगंगा संगमावरची वढ्याची कार्तिकी यात्रा, वैनगंगेकाठची मार्कंड्याची महाशिवरात्र, सिरोंचापलीकडचे कालेश्वर, किंवा पैलतीरावर दिलेली लेक, यांपैकी कोणत्या ना कोणत्या निमित्ताने नावेत बसण्याचा प्रसंग येतो. त्या पहिल्या प्रसंगाची तयारी कशी करावी, आणि ज्या वाहनात आपण बसणार त्याचे स्वरूप, उगम व गुणधर्म काय, यांची माहिती एकत्र मांडण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

प्रथम नद्यांचा परिचय करून घ्यावा. मध्य प्रदेशातील मुलताई परिसरात उगम पावणारी वर्धा आणि सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा या दोन नद्या चामोर्शी तालुक्यातील चपराळा परिसरात एकत्र येतात. तेथून पुढच्या प्रवाहास प्राणहिता म्हणतात. प्राणहितेची स्वतःची लांबी सुमारे 113 किलोमीटर एवढीच आहे. पण पैनगंगा, वर्धा आणि वैनगंगा या तिघींचे पाणी ती वाहून आणत असल्याने तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे 1,09,000 चौरस किलोमीटर, म्हणजे गोदावरीच्या एकूण खोऱ्याच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक भरते. गोदावरीच्या उपनद्यांत एवढी मोठी दुसरी नाही. महाराष्ट्र आणि तेलंगण यांची सीमा आखीत ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. त्याखाली सोमनूर येथे इंद्रावतीचा संगम होतो. इंद्रावतीच्याच वरच्या भागात, भामरागड येथे, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या तिला येऊन मिळतात. या साऱ्या पात्रांवर पूल येण्यापूर्वी ऐलतीर आणि पैलतीर यांना जोडणारे साधन एकच होते, ते म्हणजे नाव. काही ठिकाणी आजही तेच आहे. ब्रह्मपुरी तालुक्यातील लाडज हे गाव वैनगंगेच्या पात्राने वेढलेले असून तेथील माणसांच्या दैनंदिन व्यवहारात नावेला जे स्थान आहे, ते अन्यत्र एसटीला असते.

नावांचे वर्गीकरण आपल्याकडे प्राचीन काळापासून झालेले आहे. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या अकराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात नौकांचे ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ असे दोन मुख्य विभाग केले आहेत. नदीत चालणाऱ्या सामान्य नौकांचे दहा प्रकार दिले असून त्यांतील सर्वांत लहान ‘क्षुद्रा’ 16 हात लांब, 4 हात रुंद व 4 हात उंच, तर सर्वांत मोठी ‘मंथरा’ 120 हात लांब व 60 हात रुंद सांगितली आहे. विशेष नौकांत लांबीवरून ‘दीर्घा’ आणि उंचीवरून ‘उन्नता’ असे दोन वर्ग येतात. काही प्रमाणांच्या नौका अशुभ मानल्या आहेत. लाकडांचीही हलके-जड, मऊ-कठीण अशी प्रतवारी आहे आणि हलके पण कठीण लाकूड नावेसाठी उत्तम ठरविले आहे. ही शेवटची कसोटी आजच्या सुतारासही मान्य होईल, कारण हलकेपणामुळे नाव अधिक भार उचलते आणि कठीणपणामुळे ती खडकावर घासूनही टिकते.

प्राणहिता खोऱ्यात प्रत्यक्ष दिसणाऱ्या नावांची मांडणी मात्र बनावटीवरून करणे सोयीचे आहे. एकाच ओंडक्यातून कोरून काढलेला तो डोंगा. दोन डोंगे शेजारी ठेवून आडव्या बांबूंनी वा बल्ल्यांनी एकमेकांस जखडले की जोडडोंगा होतो; अधिक माणसे, धान्याची पोती, सायकली आणि कधी मोटारसायकलीही तो पार नेतो. फळ्या जोडून केलेली, रुंद तळाची नाव घाटावरच्या नियमित वाहतुकीसाठी वापरतात. अलीकडे लोखंडी पत्र्याच्या आणि फायबरच्या नावा आल्या. पूरकाळात बचाव पथके वापरतात त्या हवा भरलेल्या रबरी बोटींचा वर्ग वेगळाच आहे. पर्यटन तलावांवरच्या पायडलच्या व यंत्रावर चालणाऱ्या बोटी याहून निराळ्या. त्यांची माहिती तिकीटघरावर मिळते, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

डोंगा हा या सर्वांत अभ्यसनीय आहे. मोठ्या घेराचे सरळ खोड निवडून त्याची वरची बाजू सपाट केली जाते, मग कुऱ्हाडीने आणि वाकसाने आतला गाभा तासून काढतात. बुंध्याकडचा भाग जाड व शेंड्याकडचा निमुळता असतो, त्यामुळे डोंग्याची दोन टोके सहसा सारखी नसतात. तळ जाड ठेवतात, कारण वाळूत आणि गोट्यांवर तोच घासला जातो. बाजू त्यामानाने पातळ करतात. जुन्या डोंग्याच्या आत हात फिरवला तर वाकसाच्या प्रत्येक घावाची खपली बोटांना लागते, आणि बसणाऱ्यांच्या अंगाने जिथे घासली गेली तिथे ती अगदी गुळगुळीत झालेली असते. तळाशी नेहमी थोडे पाणी साचलेले असते आणि ते उपसायला पत्र्याचा एखादा डबा ठेवलेला असतो. भेगा पडल्या की त्या बुजवतात, वर पत्र्याची पट्टी ठोकतात. सावरीचे लाकूड हलके आणि कोरायला सोपे, पण पाण्यात लवकर कुजते, आंब्याचे मध्यम, सागाचे टिकाऊ, पण मौल्यवान आणि वनकायद्याच्या बंधनातले. दोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडे आता सहज मिळत नाहीत. डोंग्याची जागा पत्र्याची नाव घेत आहे, यामागे लोकांची बदललेली आवड थोडी आणि झाडांची दुर्मीळता जास्त, असे माझे मत आहे.

कोरीव नाव ही मानवाच्या सर्वांत जुन्या रचनांपैकी एक आहे. नेदरलँड्समधील पेसे या गावाजवळ 1955 मध्ये रस्त्याचे काम चालू असताना पाइनच्या खोडातून कोरलेली सुमारे 3 मीटर लांबीची नाव सापडली. कार्बन कालमापनानुसार ती इसवी सनापूर्वी 8000 च्या सुमारास बनलेली ठरते आणि आजवर ज्ञात असलेल्या नावांत तिला सर्वांत प्राचीन मानतात. नायजेरियातील दुफुना येथे 1987 मध्ये मिळालेला डोंगा सुमारे 8000 वर्षांपूर्वीचा आहे. नांगर, चाक आणि धातूचे हत्यार यांच्याही आधी माणसाने लाकूड पोखरून त्यात बसण्याची युक्ती साधली होती, हे यावरून स्पष्ट होते. जोडडोंग्याचा उल्लेखही पुरातन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील ‘संगर’ नावाच्या मोठ्या नावांची नोंद असून त्या एकसंध ओंडक्यांच्या नावा एकत्र बांधून केलेल्या असत, असे म्हटले आहे. भामरागडच्या माडिया आदिवासी माणसाने बांबू आणि वेलींनी दोन डोंगे बांधावेत आणि तीच रचना दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी नाविकाने नोंदवून ठेवावी, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

आता नावेच्या स्थैर्याचा विचार करू. प्रथमच नावेत बसणाऱ्यास जी भीती वाटते ती बुडण्याची असते. प्रत्यक्षात नाव बहुधा आधी कलते व उलटते. तरंगणाऱ्या वस्तूवर दोन बले कार्य करतात. वजन तिला गुरुत्वमध्यातून खाली ओढते, आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके उत्प्लावन बल तिला आप्लवकेंद्रातून वर उचलते. नाव कलली की पाण्यातील तिचा आकार बदलतो आणि आप्लवकेंद्र कललेल्या बाजूस सरकते. ते पुरेसे सरकले तर वर उचलणारे बल नावेला पुन्हा सरळ करते. गुरुत्वमध्य फार उंच असेल तर मात्र तेच बल तिला उलटविण्यास मदत करते. म्हणूनच बसलेला प्रवासी नावेला स्थिर करतो आणि उभा राहिलेला अस्थिर.

रुंदीचे महत्त्व याहून मोठे आहे. नावेची सरळ होण्याची ही क्षमता रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर ती आठपट होते. ‘युक्तिकल्पतरु’तील क्षुद्रा नौका रुंदीच्या चौपट लांब आहे, ओंडक्याचा डोंगा बहुधा रुंदीच्या आठपट किंवा अधिक लांब असतो, कारण झाडाच्या घेरापलीकडे त्याला रुंदी मिळणे शक्यच नसते. शिवाय त्याचा तळ गोल असतो. दोन डोंगे अंतर ठेवून जोडले की ही उणीव एकदम भरून निघते. लाकूड तितकेच राहते, पण पाण्यावरची एकूण रुंदी कितीतरी वाढते. गणिताचे पुस्तक न उघडता ज्यांनी हे साधले, त्यांची बुद्धी आदरास पात्र आहे.

भाराचा हिशेबही प्रवाशाने स्वतः करून पाहावा. समजा डोंगा 6 मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद आहे. टोके निमुळती असल्याने पाण्याच्या पातळीवर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 3 चौरस मीटर धरता येईल. अशा डोंग्याला 1 सेंटिमीटर खाली दाबण्यास सुमारे 30 किलो वजन लागते. म्हणजे 60 किलोचा प्रत्येक प्रवासी त्याला 2 सेंटिमीटर खाली नेतो. रिकाम्या डोंग्याचा पाण्यावरील मोकळा काठ एका वितीएवढा, म्हणजे 22 सेंटिमीटर असेल, तर पाच प्रवाशांनंतर तो 12 सेंटिमीटर उरतो आणि आठांनंतर जेमतेम 6. एवढ्या काठाला एखादी लाट, किंवा एका माणसाने एका बाजूस वाकणे, पुरेसे होते. या कारणाने बसण्यापूर्वी माणसे मोजण्यापेक्षा काठ पाहणे अधिक खात्रीचे आहे. सर्वजण बसल्यावर पाण्यापासून काठापर्यंत निदान अर्धी वीत अंतर दिसत नसेल तर उतरून पुढच्या खेपेची वाट पाहावी.

हा हिशेब कागदी नाही. 14 सप्टेंबर 2021 रोजी अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यात, झुंज येथे, वर्धा नदीत नाव उलटून अकरा जणांना जलसमाधी मिळाली. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूर (रै) येथून पैलतीरी मिरची तोडणीला निघालेल्या महिलांची नाव वैनगंगेत उलटली आणि मजुरीसाठी घरून निघालेल्या कष्टकरी स्त्रियांना प्राण गमवावे लागले. पहिली घटना भर पावसाळ्यातील, दुसरी हिवाळ्याच्या शांत पाण्यातील आहे. पूर नसला की नदी निर्धोक असते, हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो.

नदीच्या स्वभावाचे ज्ञान ज्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या आहे तो समाज म्हणजे ढिवर, भोई आणि केवट. पूर्व विदर्भातील मासेमारी आणि नावेची उतार-वाहतूक यांनीच चालवली. धार कोणत्या तीराला लागून आहे, डोह कुठे संपतो, पाण्याखालचा खडक कोणत्या महिन्यात उघडा पडतो, हे ढिवर नावाडी पाण्याच्या रंगावरून आणि पृष्ठावरच्या सुरकुत्यांवरून ओळखतो. नदी ओलांडताना तो समोरच्या घाटाकडे सरळ नाव नेत नाही. आधी काठाकाठाने बांबू टेकवत बराच वर जातो आणि मग धारेत शिरतो, म्हणजे प्रवाह नावेला खाली ढकलत असतानाच ती नेमकी पलीकडच्या घाटावर लागते. नवख्यास हा वळसा उगाच वाटतो. पण वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्याच्याशी झगडण्यापेक्षा त्याला कामाला लावणे, एवढे सार त्या वळशात आहे. नावाडीकाकांशी गप्पा जरूर माराव्यात, मात्र धार ओलांडून झाल्यावर.

या नद्यांना सरकारी नकाशावर जलमार्ग बनविण्याचे प्रयत्नही झाले आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अभियंते आर्थर कॉटन यांच्या पुरस्काराने गोदावरीतून थेट मध्य प्रांतापर्यंत बोटी नेण्याची योजना आखली गेली, कारण वऱ्हाडचा कापूस किनाऱ्यावर नेण्याचा स्वस्त मार्ग हवा होता. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेमचा, इंचमपल्लीचा आणि प्राणहितेवर अहेरीजवळच्या देवलमरीचा. कालवे, बंधारे आणि जलपाश (पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणारी दारे) यांवर बराच खर्च झाल्यानंतर 1871 मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. तोवर रेल्वे कापसाच्या प्रदेशात पोहोचली होती. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशातील 111 जलमार्ग घोषित केले, त्यांत वैनगंगा-प्राणहिता आणि पैनगंगा-वर्धा यांचा समावेश आहे. घोषणेने खडक हटत नाहीत, हे देवलमरीने एकदा दाखवलेले आहेच. नियमनाची बाजू पाहता, नदीवरील उतारांचे घाट ठरविणे व त्यांचा लिलाव करणे या गोष्टी मध्य प्रांतात 1878 च्या फेरी कायद्यानुसार चालत. 2021 च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमात यंत्रावर चालणाऱ्या नावांबरोबर बिनयंत्राच्या नावांचीही दखल घेतली आहे. मान्यतेच्या घाटावरची, क्रमांक असलेली नाव उपलब्ध असेल तर तीच निवडावी.

तयारीचा पहिला भाग दिवस निवडण्याचा. आषाढ ते भाद्रपद या काळात हौसेखातर नदीत नाव घालू नये. अडचणीचा भाग असा की येथील पूर केवळ येथल्या पावसावर अवलंबून नसतो. वैनगंगेवर वर सिवनी जिल्ह्यात संजय सरोवर आणि भंडारा जिल्ह्यात 33 दरवाजांचे गोसीखुर्द धरण आहे. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वरून सोडलेल्या पाण्याने ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंत जो महापूर आला, त्या वेळी खालच्या अनेक गावांत तसा पाऊस नव्हता. म्हणून आपल्या डोक्यावरचे आकाश पाहून भागत नाही. धरणाच्या विसर्गाची सूचना विचारावी लागते. ग्रामपंचायत, तलाठी किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा 1077 हा क्रमांक त्यासाठी उपयोगी पडतो. हिवाळ्यात सकाळचे धुके ओसरल्यावर निघावे. उन्हाळ्यात पात्र आटते, पण रेती उपशाने पडलेले खोल खड्डे संथ पाण्याखाली दिसत नाहीत; गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस दुसऱ्या पावलाला गळ्यापर्यंत जातो. गडगडाट ऐकू येताच, पाणी कितीही शांत असले तरी, तीरावर यावे.

पोशाखाविषयी थोडक्यात. अंगाला न चिकटणारे, पण पायांत न अडकणारे कपडे घालावेत. नऊवारीचा काष्टा या दृष्टीने अत्यंत योग्य. पाचवारी वा सहावारी असेल तर पदर कमरेला घट्ट खोचावा. गमबूट टाळावेत, त्यांत पाणी भरले की पाय उचलवत नाही. पायताण काढून हाती घ्यावे की घालून ठेवावे हे घाटावरच्या चिखलावर ठरवावे. बंद असलेली, सहज पायातून निघणारी चप्पल ठीक. पिशवी गळ्यात अडकवून किंवा पाठीला बांधून बसू नये. मोबाइल, आधार कार्ड आणि औषधे दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवावीत. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा 47 अंशांपर्यंत जातो आणि पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन खालूनही चटके देते. डोक्याला शेला वा टोपी आणि पिण्याचे पाणी सोबत हवेच. शिदोरी हलकी असावी : भाकर, ठेचा, कांदा. संथ नदीत मळमळ क्वचितच होते, तरी भरल्या पोटी बसू नये. दारू प्यायलेल्या माणसासोबत, मग तो नावाडी असो वा सोयरा, नावेत बसू नये. या बाबतीत भीड बाळगण्याचे कारण नाही.

सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे तरणजाकीट, ज्याला सर्वत्र लाईफ जॅकेट म्हणतात. मानवी शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळ असते, त्यामुळे प्रौढ माणसाचे डोके पाण्यावर राखण्यास अवघे 3 ते 5 किलोचे अधिक उत्प्लावन पुरते. जाकीट तेवढे, किंवा त्याहून जास्त, पुरवते. ते अंगात घालून पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने खांद्यांजवळ धरून वर ओढून पाहावे. हनुवटीपर्यंत सरकले तर ते मोठे आहे किंवा पट्टे सैल आहेत. मांडीखाली आसनासारखे घेतलेले जाकीट निरुपयोगी होय. खेड्यातल्या घाटावर जाकिटे नसतील तर पाच लिटरचे रिकामे तेलाचे कॅन झाकण घट्ट लावून, दोरीसह, माणशी एक सोबत न्यावेत. असा एक कॅन सुमारे 5 किलोचे उत्प्लावन देतो, म्हणजे वर सांगितलेली गरज तो भागवू शकतो. मात्र तो हाताने धरून ठेवावा लागतो, म्हणून जाकिटाची बरोबरी करत नाही. वाळलेले भोपळे पाठीला बांधून पोहायला शिकवण्याची आपल्याकडची जुनी रीत याच तत्त्वावर उभी होती. लेकरांसाठी त्यांच्या मापाचे जाकीट नसेल तर त्यांना डोंग्यात बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावेत चढण्याची एक पद्धत आहे. नावाडी बांबू रोवून नाव धरतो. एका वेळी एकानेच चढावे. कमरेत वाकावे, दोन्ही हातांनी दोन्ही काठ धरावेत, पहिले पाऊल नावेच्या मधोमध टाकावे, आणि दुसरे पाऊल आत येताच खाली बसावे. काठावर पाय देणे किंवा किनाऱ्यावरून उडी मारणे या दोन चुका नवख्यांकडून सर्वाधिक होतात. एक पाय तीरावर आणि एक नावेत ठेवून रेंगाळल्यास नाव सरकते आणि माणूस मधे पडतो. जड माणसे मध्यभागी, हलकी टोकांकडे. सामान तळाशी, कडेला नव्हे. डोंग्यात तळावरच मांडी घालून किंवा पाय लांब करून बसावे, तळच्या पाण्याने कपडे भिजले तरी चालतील. नदीला नाणे किंवा ओटी अर्पण करण्याची श्रद्धा असेल तर ती तीरावरूनच वाहावी. मध्यधारेत सगळे एकदम एका बाजूला वाकून नमस्कार करतात, तेव्हा नावेचा तोल जातो. फोटोसाठी उभे राहण्याचेही तसेच.

पाणी आत येऊ लागल्यास उभे न राहता डब्याने उपसावे आणि नावाडी सांगेल तसेच सरकावे. नाव उलटलीच, तर लाकडी डोंगा सोडू नये. लाकूड पाण्याहून हलके असल्याने पाण्याने भरलेला किंवा पालथा झालेला डोंगाही तरंगत राहतो. त्याला धरून चार माणसे तग धरू शकतात. पत्र्याच्या नावेचे तसे नाही. हवेच्या बंद पेट्या नसल्या तर ती भरताच तळाशी जाते, म्हणून त्या नावेत कॅन आणि जाकिटे यांची निकड दुप्पट. प्रवाहात सापडल्यास उताणे होऊन पाय धारेच्या दिशेस, थोडे वर धरावेत, म्हणजे खडक पायांनी चुकवता येतात. धारेविरुद्ध पोहू नये. तिरपे, तीराकडे सरकत राहावे. तीरावरच्या माणसाने पोहता येत असले तरी उडी मारण्याआधी दोर, लांब बांबू, धोतर, पदर किंवा बांधलेला कॅन फेकावा. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघे जातात, असे वारंवार घडलेले आहे.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे किंवा त्याच्या पोटावर दाब देऊन पाणी काढणे ही जुनी रीत घातक आहे. त्यात वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत शिरते. त्याला उताणे निजवून, श्वास बंद असल्यास डोके मागे झुकवावे, नाक दाबून आधी तोंडावाटे श्वास द्यावेत. हालचाल दिसत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी 30 दाब आणि मग 2 श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे, ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळावे. माणूस उठून बसला आणि बरे वाटते म्हणाला, तरी 108 ची रुग्णवाहिका बोलावून त्याला रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनंतरही उद्भवू शकतो.